सड्याच्या पोटातले पाणी

‘सडा’ हा शब्द ऐकला की महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आमच्या वाचकभगिनींच्या डोळ्यांपुढे पहाटेचे अंगण, शेणाचे शिंपण आणि त्यावर उमटलेली रांगोळी उभी राहील. कोकणात आणि गोव्यात या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. डोंगराचा माथा जेथे पोळपाटासारखा सपाट होतो, माती जेथे बोटभरही टिकत नाही आणि जांभ्या दगडाचा काळपट-तांबडा कातळ दृष्टी पोहोचेल तेथवर उघडा पडलेला असतो, त्या पठाराला आमच्याकडे सडा म्हणतात. अंगणातला सडा ओला, तर डोंगरावरचा सडा कोरडा ठणठणीत. शिगमा उलटला की त्यावर गवताची काडी हिरवी राहत नाही. भर दुपारी तेथून अनवाणी चालणे म्हणजे तापल्या तव्यावरून चालणे. मारवाडचे वाळवंट ज्यांनी पाहिले असेल त्यांनी चैत्रात एकदा पेडण्याच्या सड्यावर यावे. वाळू तेवढी आढळणार नाही, बाकी सर्व काही आढळेल.

आणि तरीही या तालुक्यातले गोड पाणी येते ते या सड्याच्याच पोटातून. यंदाच्या चैत्रात पाडव्यानंतरचा एक रविवार आम्ही त्या पाण्याच्या वाटेवर घालविला, त्याची ही हकीकत.

निमित्त घडले ते आमच्या थोरल्या मेहुण्यांचे. ते बडोद्यात जन्मले, तेथेच शिकले आणि तेथेच बँकेतून निवृत्त झाले. त्यांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या सासूबाई, मूळच्या पेडणे तालुक्यातल्या. १९५३ साली लग्न होऊन त्या बडोद्याला गेल्या. त्या काळी पेडणे पोर्तुगीज अमलाखाली होते. १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून हा महाल पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हापासून डिचोली व सत्तरी यांच्यासह तो ‘नव्या काबिजादी’त मोडत असे. सासूबाईंच्या लग्नानंतर थोड्याच काळात भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि सीमेवरील ये-जा जवळजवळ थांबली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच तालुक्यातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यांचे स्मारक आजही तेथे उभे आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत सासूबाईंना माहेरचा उंबरठा दिसला नाही. आठ वर्षांच्या त्या ताटातुटीत त्यांना भावंडांइतकीच आठवण येई ती घरामागच्या झरीची. बडोद्याच्या घरी नळाचे पाणी भरताना त्या हटकून म्हणत, “पाणी आहे हो, पण आमच्या झरीचे ते पाणी!” मुलांना हे वाक्य पाठ झाले होते आणि लहानपणी त्याचे हसूही येई. गतवर्षी सासूबाई निवर्तल्या. वर्षश्राद्ध आटोपल्यावर मेहुण्यांनी पत्र धाडले, “एकदा ती झर डोळ्यांनी पाहावी म्हणतो. आहे ना ती अजून?”

या शेवटच्या प्रश्नाने आम्हांला थोडे अस्वस्थ केले. झर आहे, हे आम्ही ऐकून होतो; परंतु ‘ऐकून होतो’ एवढेच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या तालुक्याचे रूप असे पालटले आहे की कालची पायवाट आज असेलच, ही खात्री देणे कठीण झाले आहे.

आम्ही चौघे निघालो. मेहुणे, आम्ही, आमच्या शाळेतले भूगोलाचे सहशिक्षक आणि वाटाड्या म्हणून त्याच गावचा, नववीत शिकणारा आमचा एक विद्यार्थी. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कांदा, कैरीचे ताजे लोणचे आणि बाटलीत आगळ घातलेले सरबत. पेडणे शहरातून साडेसहाला गाडीने निघून आम्ही सड्याच्या पायथ्याशी सातच्या सुमारास उतरलो.

पहिला अर्धा तास काजूच्या बागांतून गेला. हे दिवस काजूचे. झाडाखाली पिवळ्या-लाल बोंडांचा खच पडलेला, बायका टोपल्या घेऊन बोंडे वेचीत होत्या आणि बी पिळून वेगळी काढीत होत्या. आंबूस-गोड असा एक वास सगळ्या डोंगरउतारावर दाटलेला होता. दूर कोठे तरी भट्टीचा धूर सरळ रेषेत वर चढत होता. मेहुण्यांना काजूची बी तेवढी ठाऊक. बोंड त्यांनी प्रथमच हातात घेतले, चाखले आणि घशाला बसलेल्या खवखवीने त्यांचे डोळे पाणावले. “मीठ लावून खायचे असते, मामा,” असे सांगत आमच्या विद्यार्थ्याने खिशातून मिठाची पुडी काढली. शालेय साहित्य विसरणारी मुले असल्या वस्तू मात्र कधी विसरत नाहीत.

काजू संपले आणि चढण लागली. वाट अशी नव्हतीच. पावसाच्या पाण्याने खणलेली घळ, तिच्यात निसटते जांभे दगड आणि दोहों बाजूंना कुड्याची व करवंदीची जाळी. करवंदे अजून हिरवी होती. कुसुंबाच्या झाडाला मात्र नवी पालवी फुटली होती आणि तिचा रंग इतका गडद तांबडा होता की लांबून ते झाड फुललेले वाटे. पाऊणएक तासाने झाडे एकाएकी मागे सरली आणि आम्ही सड्यावर आलो.

प्रथमदर्शनी तेथे काहीच नाही. वर आकाश, खाली कातळ. जळून राखाडी झालेले गवत, मधूनच वणव्याचा काळा डाग आणि खडकाच्या खळग्यांत सुकून पापुद्रे आलेला चिखल. उत्तरेकडे तेरेखोलच्या खोऱ्यावरचे धुके अद्याप विरलेले नव्हते. पूर्वेला सह्याद्रीची निळसर भिंत होती. सरकारदरबारी असल्या जागेची नोंद ‘पडीक’ म्हणून होते आणि ती नोंद वाचणाऱ्याला जागा रिकामी वाटते. वस्तुतः सडा रिकामा कधीच नव्हता. जून ते सप्टेंबर याच कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे उमटतात, गेंदाची पांढरी बोंडे डोलतात आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती चिमूटभर मातीत तग धरतात. घरे शाकारण्याचे गवत येथूनच येई. धनगरांच्या शेळ्या-म्हशी येथे चरत. त्याहूनही मागे जावे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या जांभ्या कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रे आज जगापुढे आली आहेत. त्यांपैकी गोव्यातील फणसायमळ धरून काही स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. ज्या माणसाला नांगर माहीत नव्हता त्यालाही सडा पडीक वाटला नव्हता.

एवढ्यात डोक्यावरून प्रचंड घरघर करीत एक विमान गेले. मोप्याचा विमानतळ याच पठारावर आहे. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. आमच्या विद्यार्थ्याने शेपटीच्या रंगावरून ते कोणत्या कंपनीचे, हे क्षणार्धात सांगितले. त्याचा थोरला भाऊ तेथेच कामाला आहे आणि घरात त्यामुळे नियमित पगार येतो, हेही त्याने अभिमानाने सांगितले. तो अभिमान आम्ही मनापासून समजू शकतो. नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना आम्ही दाखले लिहून दिले आहेत. तथापि हेही लिहून ठेवले पाहिजे की या विमानतळाला दिलेली पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली होती आणि अटी घालून जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. पठारावरील झाडे आणि पठाराच्या कुशीतले झरे हा त्या वादातला एक मुख्य मुद्दा होता. सड्याचा सपाटपणा हाच त्याचा शत्रू झाला आहे. धावपट्टीला सपाट जागा हवी, कारखान्यांना हवी, गृहसंकुलांना हवी. आणि ज्याला काहीच बांधायचे नसते तो निदान चिऱ्यांची खाण तरी काढतो.

सड्यावर चालताना पाऊल पोकळ वाजते, हे मेहुण्यांच्या प्रथम लक्षात आले. सहशिक्षक खाली बसले, त्यांनी एक दगड उचलला आणि आमचा तास सुरू झाला. जांभा दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, सुरीने कापता येईल असा, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होत जाणारा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने मलबारात हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. आमच्या गोव्यात त्याच दगडाला चिरा म्हणतात आणि आमची घरे, देवळे, कुंपणे, विहिरी सर्व त्याचीच. आता या सच्छिद्र थराच्या खाली असतो तो शाडूसारख्या चिकट मातीचा थर. वर चाळण आणि खाली तवा, अशी ही रचना. पावसाळ्यात येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यातला काही भाग चाळणीतून झिरपत खाली उतरतो, मातीच्या थरावर अडतो आणि त्या थराच्या उतारावरून सावकाश सरकत सरकत डोंगराच्या कडेला, जेथे दोन थरांचा सांधा उघडा पडतो, तेथे बाहेर येतो. तीच झर. म्हणजे आषाढात पडलेला थेंब पुढच्या चैत्रात माणसाच्या ओंजळीत येतो.

हे पुस्तकी वर्णन नव्हे, याची साक्ष कोकण रेल्वे देईल. पेडण्याच्या मालपे भागातून या रेल्वेचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा जातो. सबंध मार्गावरचे कठीण खडक फोडून झाले तरी या बोगद्यातली भिजलेली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. त्यामुळे संपूर्ण मार्ग खुला होण्यास २६ जानेवारी १९९८ चा दिवस उजाडावा लागला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी उसळून गाड्या थांबल्या. डोंगर वरून कोरडा दिसतो, पण आतून तो ओला आहे, हे एवढ्या खर्चाने सिद्ध झालेले सत्य आमच्या सासूबाईंना आठव्या वर्षी ठाऊक होते.

साडेनऊपर्यंत ऊन चटके देऊ लागले. टोप्यांवर ओले रुमाल घेऊन आम्ही सड्याची पूर्वेकडची कड गाठली आणि उतरू लागलो. दोनशे पावलांत जग बदलले. आधी वाऱ्याची झुळूक थंड झाली. मग पायाखालची धूळ ओलसर झाली. जांभूळ, किंदळ, ओवळ यांची दाट सावली आली आणि तिच्यात झालरीसारख्या पानांचा भेरली माड दिसला. हा माड दिसला की पाणी जवळ आले असे समजावे, असे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले. हळद्या पक्ष्याची शीळ ऐकू आली आणि तिच्यामागून एक बारीक, अखंड आवाज. मेहुणे थांबले. त्यांनी काही विचारले नाही, आम्हीही काही सांगितले नाही.

झर पुढ्यात येण्याआधी एक वृद्ध बाई पुढ्यात आल्या. डोक्यावर चुंबळ, काखेत कळशी. आमचे पाय पाहून त्या म्हणाल्या, “बाबा, व्हाणो थंयच काडून दवरात.” आम्ही चौघांनी मुकाट्याने वहाणा काढल्या. पेडण्यात झरीला देवतेचा मान आहे. तेथे फोडलेला नारळ असतो, तुळस असते आणि पणती ठेवण्याचा कोनाडा असतो. मूर्ती असेलच असे नाही. पाणी हीच मूर्ती.

जांभ्याच्या एका पुढे आलेल्या शिळेखालून, दोन हात रुंदीच्या फटीतून पाणी येत होते. कोणे एके काळी कोणीतरी तेथे दगडी पन्हळ बसविली होती. तिची कड हजारो कळशांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली. पन्हळीखालची पहिली कुंडी पिण्याच्या पाण्याची, तेथे हात बुडवायचा नाही. तिच्यातून ओसंडलेले पाणी दुसऱ्या तळीत, तेथे आंघोळ आणि धुणे. तेथून पुढे एक डबके, ते गुरांचे. त्यानंतर पाट, तो माड-पोफळींच्या बागेतून फिरून खालच्या मळ्यात उतरतो आणि तेथे वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, चार शेते पिकवितो. एकाच पाण्याने माणूस, वस्त्र, गुरे, बाग आणि भात असे पाच जण तृप्त होतात आणि क्रम कोणी मोडीत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला सार्वजनिक संपत्तीचा धडा आम्ही इतकी वर्षे शिकवितो. तो धडा येथे दगडात बांधलेला होता.

मेहुण्यांनी पन्हळीखाली ओंजळ धरली. एकदा प्याले, दुसऱ्यांदा प्याले. मग तेथेच शिळेवर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. आम्ही भाकऱ्या सोडण्याच्या निमित्ताने बाजूला झालो. थोड्या वेळाने ते उठून आले आणि त्यांच्यातला बँकेचा अधिकारी जागा झाला. त्यांनी त्या आजींची कळशी मागून घेतली, पन्हळीखाली धरली आणि घड्याळ लावले. साधारण दहा लिटरांची कळशी वीस सेकंदांत भरली. तीनदा मोजले, तीनदा तेच. म्हणजे मिनिटाला तीस लिटर, तासाला अठराशे, दिवसाला ४३,२०० लिटर; आणि तेही सहा महिन्यांत पावसाचा एक मोठा शिडकावा झालेला नसताना!

सहशिक्षकांनी जमिनीवर काटकीने उरलेले गणित मांडले. वर्षाला हे पाणी एक कोटी सत्तावन्न लाख लिटरांच्या घरात जाते. तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सड्याच्या एका चौरस मीटरवर तीन हजार लिटर. त्यातला दहावा हिस्साच आत मुरतो असे धरू. म्हणजे तीनशे लिटर. तर ही एक झर चालविण्यास सुमारे ५२,५०० चौरस मीटर, म्हणजे तेरा एकर सडा लागतो. विद्यार्थ्याने वर कड्याकडे पाहिले. “म्हणजे सर, वरच्या तेरा एकरांवर कोणी काँक्रीट घातले तर?” उत्तर देण्याची गरज नव्हती; नववीच्या मुलाने स्वतःच ते काढले होते.

आजी तोवर आमच्याजवळ येऊन टेकल्या होत्या. मेहुणे कोणाचे कोण, हे त्यांनी चार प्रश्नांत शोधून काढले. त्या सासूबाईंहून बऱ्याच लहान. तरीही “ती बडोद्याची” म्हणून माहेरपणाला आलेली त्यांना आठवत होती. त्यांच्या लहानपणी कळशी लावून पदर सावरेपर्यंत ती भरून वाहू लागे. पलीकडच्या वाड्यावर अशाच दोन झरी होत्या. वर चिऱ्यांची खाण लागल्यापासून त्या चैत्रातच गप्प होतात, असे त्यांनी सांगितले. घरी नळ आहे, तिळारीच्या कालव्याचे आणि चांदेलच्या प्रकल्पाचे पाणी येते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. “या कमरेने आता किती कळशा वाहायच्या?” असे म्हणून त्या हसल्या. ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. झरीचे गोडवे गाणे शहरातून आलेल्या पाहुण्याला सोपे असते. रोज वीस कळशा डोंगरावरून खाली नेणाऱ्या सुनांना विचारले तर त्या नळालाच नमस्कार करतील, आणि ते योग्यच आहे. आजी पिण्यापुरते मात्र झरीचेच पाणी नेतात. कालवा फुटला किंवा वीज गेली आणि नळ कोरडे पडले की सारा वाडा डबे घेऊन येथेच येतो. नळ हा वेळापत्रकाने चालतो. झरीला वेळापत्रक नाही.

निघताना आजींनी एक विनंती केली, म्हणून गावाचे आणि झरीचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून लोक येतात, तळीत साबण लावून नाचतात आणि बाटल्या फोडून जातात, असे इतर झरींच्या बाबतीत घडलेले त्यांनी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेहुण्यांना डिचोली तालुक्यात घेऊन गेलो. त्यांच्या मोठ्या मावशीला शिरगाव-मये भागात दिले होते. एक बहीण पेडण्याची, एक डिचोलीची, हे नाते या दोन तालुक्यांना नवे नाही. शिरगावची लईराई आणि मोरजीची मोरजाई या लोककथेप्रमाणे सात बहिणींपैकी दोघी. शिरगावी वैशाख शुद्ध पंचमीला जत्रा भरते. हजारो धोंड व्रत पाळतात आणि पहाटे निखाऱ्यांवरून चालत जातात. या व्रताचा मोठा आधार म्हणजे पाणी. व्रताच्या दिवसांत धोंड घरापासून वेगळे, झर, तळी किंवा विहीर पाहून उतरतात, तेथेच स्नान करून स्वतःचे अन्न स्वतः शिजवितात. अग्नीवरून चालण्याआधी त्यांना पाण्याजवळ राहावे लागते.

आणि नेमक्या याच भागात पाण्याचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. डिचोलीच्या डोंगरांत जांभ्याखाली लोखंडाचे खनिज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जपानला जाऊ लागले आणि या शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली, तशा खाणी खोल होत गेल्या. खनिज काढण्यासाठी आधी सडा खरवडून टाकावा लागतो. म्हणजे चाळण गेली. मग खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आत उतरणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसून बाहेर सोडावे लागते; म्हणजे चाळणीत साठलेलेही गेले. शिरगाव, मुळगाव, मये या गावांनी आपल्या विहिरी आणि झरी अशा रीतीने आटताना पाहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबविल्या, २०१४ मध्ये अटींवर ती बंदी उठविली आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन मार्चात काम पुन्हा बंद पडले. त्यानंतर पट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले आहे. बंदीच्या वर्षांत ट्रकांचे हप्ते थकलेली, मुलांच्या शिक्षणाला खीळ बसलेली कुटुंबे आम्ही शाळेत जवळून पाहिली आहेत, तेव्हा हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही हे आम्ही जाणतो.

मावशींच्या घरामागे झरीची जागा अजून आहे. पन्हळ आहे, कुंडी आहे, दगडी पायऱ्याही आहेत. कुंडीत वाळलेली पाने होती आणि पन्हळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले होते. मावसभावाने सांगितले की पावसाळ्यात दोन महिने पाणी येते, दिवाळीनंतर नाही. मेहुण्यांनी येथे घड्याळ काढले नाही. कालच्या पन्हळीची आणि या पन्हळीची घडण अगदी एक होती, जणू एकाच पाथरवटाने दोन्ही घडविल्या असाव्यात. गाडीत बसल्यावर ते एवढेच म्हणाले, “मावशीच्या सुनांना आता काय आठवेल?”

आम्हांला त्या प्रश्नाचा विचार अजून सोडत नाही. पेडण्याचा सडा अजून सबंध गेलेला नाही. विमानतळ झाला, तो आता हलणार नाही. त्याच्या भोवतालचा, अद्याप उघडा असलेला कातळ कोणत्या झरीचा, हे जर गावागावाने, वाड्यावाड्याने आजच मोजून लिहून ठेवले तर उद्या परवानगीचा कागद पुढे आल्यावर ‘पडीक’ या एका शब्दाला उत्तर देता येईल. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. कळशी, घड्याळ आणि नववीचा एक वर्ग पुरतो. आमच्या सहशिक्षकांनी तालुक्यातल्या झरींची अशी वही मुलांकडून भरून घ्यायला आरंभ केला आहे. दर अमावास्येला मुले कळशी लावतात आणि सेकंद टिपतात. पहिल्या पानावर आमच्या विद्यार्थ्याने ‘वीस सेकंद’ असे लिहिले आहे आणि त्यापुढे साक्षीदार म्हणून बडोद्याच्या पाहुण्यांची सही आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुळे कोकणात, गोव्यात, बेळगाव-कारवारकडे असतील. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतूनही कोणी आजी ‘आमच्या झरीचे पाणी’ म्हणत असेल. ती बोलती आहे तोवर झरीचे नाव, वाडा, ती कोणाच्या बागेत होती आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिके, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नंतर सवड काढून जावे. पहाटे निघावे, अकराच्या आत सडा ओलांडावा, डोक्याला ओला रुमाल आणि पायांत जाड वहाणा असाव्यात, गावातल्या माणसाला सोबत घ्यावे आणि झरीजवळ वहाणा काढाव्यात. साबण नेऊ नये, बाटली टाकू नये. आणि पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. तेव्हा प्रत्येक ओहोळ झर म्हणून मिरवतो. जावे ते चैत्रात, कारण चैत्रात वाहते तीच झर.